खडूच्या घराचं मागचं दार

१

दिवेलागणीला घर सोडून बाहेर बसणाऱ्या बायांना सावित्रम्मा आजवर नावं ठेवत आली होती, आणि आता तीच रोज बसत होती. दिवसभर ज्वारीच्या कडक भाकरी थापायच्या, चवड बांधून दुकानात पोचत्या करायच्या, हात धुवायचे आणि पोरीच्या मागोमाग कॉलेज गाठायचं. तिथं मागच्या अंगाला एक जुना हॉल होता. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलेलं, वर एकच पंखा, तोही धाप लागल्यासारखा फिरणारा. कडेला लोखंडी खुर्ची टाकून सावित्रम्मा बसायची आणि नाटकाची तालीम संपेपर्यंत हलायची नाही.

अट नवऱ्याची होती.

"काव्याला नाटकात काम करायचंय तर करू दे," प्रभुलिंग म्हणाला होता, "पर तू जाऊन बसायचं. काय वावगं दिसलं तर तितंच बंद. नातेपुत्याचं स्थळ अजून थांबलंय, ध्यानात ठेव."

"थांबलंय कारण त्याला दुसरं कोण पोरगी देत न्हाय," सावित्रम्मा म्हणाली. पण बसायला लागली.

ती स्वतः चौथी शिकलेली. पाचवीचं पुस्तक घरात आलं होतं, पण धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला तिला घरी ठेवलं. पुस्तकाला घातलेलं कव्हर तसंच कोरं राहिलं. त्या वेळी तिच्या बाजूनं कोणी असं खुर्ची टाकून बसलं नव्हतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी काव्याचं नाटक तिच्या तोंडून बंद व्हायचं नाही.

२

पहिल्याच दिवशी बिरप्पा सरांनी फरशीवर खडूनं घर काढलं. पुढची खोली, स्वैपाकघर, चूल, पुढचं दार, मागचं दार. बस्स. ना भिंती, ना छप्पर. "हे घर आहे," सर म्हणाले. "भिंतीतून कोणी जायचं नाही. दार उघडल्याशिवाय आत यायचं नाही. आजपासून स्पर्धेच्या दिवसापर्यंत."

अभिमन्यू नावाचं दांडगं पोरगं तहान लागली म्हणून रेघ ओलांडून गेलं. सरांनी त्याला परत आत बोलावलं, दारातून बाहेर जायला लावलं आणि मगच पाणी पिऊ दिलं.

सावित्रम्माला हसू आवरेना. "सर, पोराचं डोकं फुटलं की भिंतीवर."

"हसा मावशी," सर म्हणाले. "दोन आठवड्यांनी तुम्हीच ती भिंत ओलांडणार नाही."

नाटकात काम करणारे चौघंच. थोरला मुलगा अभिमन्यू, धाकटा शरणप्पा, थोरली सून उत्कर्षा आणि धाकटी सून काव्या. शरणप्पा रोज कुर्डुवाडीहून रेल्वेनं यायचा, त्यामुळं त्याच्या गाडीच्या वेळेला तालीम सुटायची. गोष्ट अशी होती की घरातली सासू एका संध्याकाळी मागच्या दारानं आडावर जाते आणि परत येत नाही. मग हे चौघं वाट बघतात. शेवटी धाकटी सून मागचं दार उघडते, बाहेर बघत उभी राहते, आणि नाटक संपतं.

आणि सासूचं काम करायला कोणी नव्हतंच.

"म्हणजे वो कसं?" सावित्रम्मानं विचारलं. "पयल्या अंकात तर ती घरात हाय की."

"आहे ना. ही चौघं तिच्याकडे बघतील, तिच्याशी बोलतील. प्रेक्षकांना ती ह्यांच्या डोळ्यांत दिसली पाहिजे." सरांनी केरसुणीचा दांडा उभा धरला आणि स्वतःच्या खांद्याइतक्या उंचीवर बोट ठेवलं. "सासू उंच, ताठ बाई. हिचे डोळे इथं. सगळ्यांनी इथंच बघायचं. एकाची नजर जरी वरखाली झाली, तरी बाई मेली समजा."

सावित्रम्माला वाटलं, ह्या माणसाला कॉलेज पगार कशाचा देतं?

३

पण पोरं शिकली. जे खरं ते खरं. नाटकवाले म्हणजे रिकामटेकडे असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं येऊन बसावं आणि मग तोंड उघडावं.

उत्कर्षा नुसत्या हातानं घागर उचलायची आणि तिच्या मानेची शीर तटतटायची. सुरुवातीला ती भरलेली घागर आणि रिकामी घागर सारखीच धरायची. सरांनी तिला खरी घागर आणून दिली, आठवडाभर नळावरून पाणी आणायला लावलं आणि मग घागर काढून घेतली. नुसता भार अंगात राहिला. शरणप्पा उंबऱ्यापाशी चपला काढायचा तेव्हा एक पाय दुसऱ्या पायाला घासायचा, मळ्यातून आलेला माणूस घासतो तसा. आणि काव्या भाकरी थापायची. सावित्रम्मा खुर्चीत पुढं सरकून बघायची. पोरीनं घरात कधी धड भाकरी केली नव्हती, आणि इथं नसलेल्या परातीत नसलेलं पीठ असं मळत होती की सावित्रम्माच्या तळहाताला ऊब लागली.

"लई पातळ मळलंस," एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

सगळे हसले. काव्या हसली नाही. तिनं वाकून थोडं पीठ भुरभुरलं आणि पुढं चालू केलं. सर सावित्रम्माकडं वळून म्हणाले, "मावशी, दिसायला लागलं तुम्हाला."

त्या दिवशी घरी जाताना सावित्रम्मानं रेघेवर पाय दिला नाही. दारातून बाहेर पडली. आपण असं केलं हे तिच्या ध्यानात रिक्षात बसल्यावर आलं.

४

दिसायला लागलं, आणि तिथंच घोळ झाला.

एका संध्याकाळी शेवटचा प्रवेश झाला. काव्यानं कडी काढली, मागचं दार आत ओढलं आणि चौकटीत उभी राहिली. सरांनी टाळी वाजवली. पोरांनी पिशव्या उचलल्या, शरणप्पा गाडीसाठी पळाला. बाहेर अंधारून येत होतं, मशिदीतून अजान चालली होती. सावित्रम्मा खुर्चीतून उठली आणि तशीच थबकली.

"अगं काव्या, दार लावलंस का?"

"कुठलं दार?"

"मागचं. तिन्हीसांजेला मागचं दार उघडं टाकून निघालात? लक्ष्मी पुढनं येती आन मागनं जाती. आमची आई दिवा लावायच्या आदी मागची कडी बघायची. रोज आसंच उघडं टाकता का?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. रोज तसंच व्हायचं. नाटकच तिथं संपत होतं, दार लावायला पुढं काही नव्हतंच.

"अव्वा, खडूचं दार आहे ते," काव्या आईला म्हणाली.

"मगाशी तेच खरं हुतं ना? भिंतीतनं जाऊ देत न्हाय तुमी कुणाला. मंग लावायच्या वक्ताला खडू कसं झालं?"

बिरप्पा सर दाराच्या रेघेपाशी आले. त्यांनी मान हलवली. "मावशींचं बरोबर आहे. लावा मावशी, तुम्हीच लावा. उद्यापासून तुमचं काम ते."

सावित्रम्मा तरातरा गेली, हवेत हात मारून दार ढकलल्यासारखं केलं आणि वळली. पोरांनी माना हलवल्या. उत्कर्षा म्हणाली, "मावशी, ते माशा हाकलल्यासारखं झालं. दार नाही लागलं."

आणि खरंच लागलं नव्हतं. सावित्रम्माला ते कळत होतं, हाच तर संताप होता.

५

पुढं रोज तालीम सुटली की पोरं तिला दार लावायला शिकवायची. शरणप्पावर तर गाडी चुकायची पाळी यायची.

"हातानं नाही मावशी, पाठीनं," अभिमन्यू सांगायचा. "दार जुनं आहे. खाली घासतं. जरा उचलून लावावं लागतं."

"उचलून? आन हे कुणी ठरवलं?"

"कोणी नाही. घासतंच ते."

काव्यानं तिच्या मागं उभं राहून दोन्ही हात धरले. लहानपणी सावित्रम्मानं काव्याचे हात धरून पाटीवर अक्षर गिरवलं होतं तसे. "अव्वा, दाराकडं बघू नकोस. त्याचं वजन कुठं आहे ते बघ. तू नाटक करतीयेस म्हणून होईना. तुला नुसतं घरी जायचंय, दमलीयेस, आणि दार लावायचंय."

सावित्रम्मा खरंच दमली होती. सकाळपासून चुलीपुढं होती. तिनं डोळे मिटले नाहीत की काही नाही. नुसता हात टेकवला, आणि हाताला लाकूड लागलं. खडबडीत, उन्हानं तापून निवलेलं. तिनं दार जरा उचललं, ढकललं आणि कडी सरकवली.

कडीचा आवाज झाला.

पंखा कुरकुरला असेल. बाहेर कोणी सायकलचं स्टँड लावलं असेल. सावित्रम्मानं अशी सगळी कारणं मनात लावून बघितली. पण चौघा पोरांनी एकदम टाळ्या वाजवल्या, आणि अभिमन्यूनं वाकून तिच्या पाया पडल्यासारखं केलं. बिरप्पा सर म्हणाले, "आमच्या पोरांना वर्ष लागतं मावशी."

चौथीनंतर पहिल्यांदा तिला कोणी पास केलं होतं. घरी येताना तिनं काव्याला बालूशाही घेऊन दिली, आणि एक स्वतः खाल्ली.

६

दुसऱ्या दिवशी पोरं चुलीपाशी वळून जायला लागली.

आधी उत्कर्षा. घागर घेऊन मागच्या दाराकडून आली आणि चुलीच्या अलीकडं अंग चोरून आडवी झाली, गर्दीत बाईमाणसाला वाट देताना होतात तशी. मग शरणप्पा. मग काव्या. तिघांनी एकाच जागी. तिथं काही नव्हतं. मागच्या दाराच्या आतल्या अंगाला, चुलीजवळचा कोपरा.

मधल्या सुट्टीत सावित्रम्मा उठून तिथं गेली. फरशी उचकटली असेल, म्हणून पायानं ठोकून बघितली. घट्ट होती. वरून पाणी गळतंय का बघितलं. सोलापुरात पाणी नळातून येईना, वरून कुठून गळणार?

"सर, तितनं वळून जायला तुमी सांगितलं का पोरांना?"

"नाही. पण बघितलं मी. छान आहे ते. एकानं केलं की दुसरा आपोआप करतो. ह्याला लय म्हणतात मावशी. शिकवून येत नाही."

असेल. सावित्रम्मा परत खुर्चीत बसली. सर शिकलेले होते आणि माणूस चांगला होता. तिनं लयीवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

मग पहिला अंक सुरू झाला. सासू घरात असण्याचा प्रवेश. चौघं सासूशी बोलत होती, आणि सावित्रम्माच्या लक्षात आलं की पोरं सरांच्या खांद्याच्या उंचीला बघत नव्हती. खाली बघत होती. सगळी एकाच जागी, एकाच उंचीवर, सरांच्या बरगडीच्याही खाली. ताठ उंच बाईकडं नाही. म्हातारपणानं वाकून लहान झालेल्या बाईकडं.

सरांनी ते बघितलं. केरसुणीचा दांडा उचलला, पोरांपर्यंत गेले, काय वाटलं कोणास ठाऊक, तसेच परत आले आणि दांडा भिंतीला टेकवून ठेवला.

सावित्रम्मानं मागच्या दाराकडं बघितलं. कितीतरी संध्याकाळी ते दार सताड उघडं होतं. तिन्हीसांजेला. आणि ती शहाणी, कडी लावून मोकळी झाली. दार लावण्याआधी आत कोण आलंय ते बघावं, एवढी अक्कल कोंबड्या कोंडणाऱ्या बाईलाही असते.

७

ह्यात वाईट असं काही दिसत नव्हतं, हीच मोठी अडचण होती. नाटक चढत होतं. काव्याचं काम बघून बाजूच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहायची आणि कोणी मोबाइल काढायचं नाही. "आत्या, जेवून घ्या की," एवढं एक वाक्य होतं तिचं. ते ती आधी पाठ केल्यासारखं म्हणायची. आता म्हणायची आणि मग थांबायची. उत्तर ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. किती वेळ थांबायचं ते तिला नेमकं कळायचं. अशी काम करणारी पोरगी आपल्या पोटची, ह्या विचारानं सावित्रम्माचा ऊर भरून यायचा. भीती वाटायची ती त्याच्या पाठोपाठ.

घरी काव्या कमी बोलायला लागली. भाकरीचा चतकोर ताटाच्या कडेला ठेवायची.

"कुणाला ठेवलास गं?"

"असू दे."

"नाटक डोक्यात शिरलंय तिच्या," प्रभुलिंग म्हणाला. "मला दिसतंय. हाक मारली की दोनदा मारावी लागती. तुला काय दिसलं का तितं वावगं? खरं सांग."

हीच ती वेळ होती. सावित्रम्मानं 'व्हय' म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून खुर्ची, हॉल, खडू, सगळं सुटलं असतं. काव्या त्या कोपऱ्यापासून वाचली असती आणि नातेपुत्याच्या घरात गेली असती. तिथंही कोपरे होतेच.

"काय वावगं न्हाय," ती म्हणाली. "पोरगी लई चांगलं काम करती. तू कदी बघितलंस व्हय?"

रात्री तिला झोप लागली नाही. खोटं बोलली म्हणून नाही. आता जे काही करायचं ते आपल्यालाच करायला लागणार म्हणून.

८

स्पर्धेच्या आधीची शेवटची तालीम. पुढं खऱ्या रंगमंचावर सुताराच्या हातचं दार, खऱ्या भिंती. सरांनी टाळी वाजवली आणि पोरं बाहेर पडली. काव्या पडली नाही.

ती चुलीपाशी मांडी घालून बसली होती, कोपऱ्याकडं तोंड करून.

"काव्या, चल. सुटली तालीम."

"तुम्ही व्हा पुढं."

"म्हंजे?"

"उद्यापासून इथं कोण नसणार अव्वा. त्या एकट्या राहतील." आवाजात ना रडणं ना वेड. शेजारच्या म्हातारीबद्दल बोलावं तसं. "मी थांबते."

"काव्या, गंमत पुरे," सर म्हणाले. पण रेघेच्या आत त्यांनी पाय टाकला नाही. पोरंही बाहेरच उभी राहिली. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ज्या उंचीवर बघत होती ती सावित्रम्माला पाठ झाली होती.

सावित्रम्माच्या हाताला थप्पड मारायची सवय होती. त्या दिवशी तिनं हात आवरला. पदर कमरेला खोचला, पुढच्या दारानं आत आली, चपला उंबऱ्यापाशी काढल्या.

"आत या रं सगळी," ती म्हणाली. "घरात पाव्हणी हाय. आजवर कुणी विचारपूस केली का तिची? नुसतं दार लावून कोंडलंय. मीच कोंडलंय. बाईमाणसाला वाटंला लावायची एक रीत असती. उत्कर्षा, ताट दे मला."

उत्कर्षानं डोळे पुसले आणि ताट दिलं. हात रिकामे होते आणि ताट जड होतं. अभिमन्यूनं नारळ आणून ठेवला. शरणप्पानं, गाडी गेली त्याची, ओंजळीनं तांदूळ ओतले. एकानंही विचारलं नाही की मावशी, नाटक करायचं का खरं करायचं. ती विचारण्याच्या पुढं गेली होती. सावित्रम्मानं मोठमोठ्या घरची लग्नं बघितली होती, पण इतक्या मनानं भरलेलं ताट तिनं बघितलं नव्हतं.

सवाष्ण होती का कोण होती, देव जाणे. असेल ती असेल. सावित्रम्मा कोपऱ्यापुढं गुडघ्यावर बसली आणि ओटी भरली. नारळ सोडला तेव्हा हातातलं ओझं कमी झालं. तांदूळ सोडले. ते फरशीवर पडल्याचं काही जाणवलं नाही. समोर कोणीतरी पदर नीट पसरून धरला होता.

मग ती उठली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बाहेर दिवेलागण झाली होती, आणि तिनं मागच्या दाराची कडी काढली. दार उचललं, आत ओढलं, आणि एका हातानं धरून ठेवलं. आडाच्या पाण्याचा वास आला. कॉलेजच्या त्या भिंतीपलीकडं स्कूटरचं पार्किंग होतं.

चौघांच्या नजरा कोपऱ्यातून उठल्या आणि हळूहळू दाराकडं सरकल्या. एकाच उंचीवर, अगदी बरोबर. काव्याची पण. सावित्रम्मानं ठरवलं होतं की खाली बघायचं नाही. पण जे कोणी निघालं होतं ते तिच्या उचललेल्या हाताखालून गेलं, आणि डोळे गेलेच.

भांग दिसला. पांढऱ्या केसांचा, ओला, डोक्याला चापून बसलेला. एवढंच.

आणि सावित्रम्माच्या तोंडून निघालं, ओटी घेऊन निघालेल्या प्रत्येक बाईला आजवर म्हणत आली होती तेच, जिभेनं तिला न विचारता म्हटलं:

"या बरं का. घराकडं या येकदा."

'जा' म्हणून तिनं कोणालाच कधी पाठवलं नव्हतं. कोणी पाठवतं का?

भांग थांबला. वळला नाही. नुसता खालीवर हलला, 'व्हय' म्हटल्यासारखा.

मग तिथं पार्किंगची भिंत होती. सावित्रम्मानं दार लावलं, कडी लावली. काव्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अव्वा, भूक लागली लई." शरणप्पा सरळ, अंग न चोरता, चुलीपाशी जाऊन आपली पिशवी घेऊन आला.

९

स्पर्धेत नाटक गाजलं. शेवटी लोक उघड्या मागच्या दाराकडं बघत बसले. मग पडदा पडला आणि टाळ्या थांबेचनात. काव्याला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. बिरप्पा सरांनी माइकवरून पोरांची नावं घेतली आणि शेवटी म्हणाले, "आणि दाराच्या कामासाठी सावित्रम्मा मावशी." लोकांना वाटलं सुतार असेल.

प्रभुलिंगला त्या दिवशी दुकानातून सुट्टी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारानं त्याला पोरीचं नाव सांगितलं, आणि संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. नातेपुत्याचा विषय त्यानं वाटेतच सोडून दिला असावा.

सावित्रम्मा पुढच्या दारात दिवा लावत होती. दोन खोल्यांच्या त्या घराला दार तेवढं एकच. मागची भिंत निंगव्वाच्या घराला लागून, तिचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा. काव्या खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. भाकरीचा चतकोर ठेवणं बंद झालं होतं. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं.

"पयल्यांदा देवापुढं ठेवतो," प्रभुलिंग म्हणाला आणि पुडा घेऊन स्वैपाकघरात गेला.

तालमीला तो कधी आला नव्हता. खडूचं घर त्यानं बघितलं नव्हतं. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं.

गॅसच्या ओट्यापाशी त्यानं अंग चोरलं. पोट आत घेतलं, आडवा झाला, नजर खाली नेली, थकल्याभागल्या म्हाताऱ्या बाईला वाट देताना माणूस नेतो तेवढीच, आणि पलीकडं गेला. देवापुढं पुडा ठेवला. परत येताना पुन्हा तसाच आला. त्याचं त्याला कळलंही नाही.

काव्यानं पुस्तक मिटलं. मायलेकींची नजरानजर झाली.

सावित्रम्मानं वातीला हाताचा आडोसा केला, दिवा नीट पेटू दिला. मग ती उठली, मागच्या खोलीतल्या सपाट भिंतीपुढं जाऊन उभी राहिली, आणि कुठं चौकट बसेल ते डोळ्यांनी बघायला लागली. पलीकडं निंगव्वाची मालिका चालू होती.

"काव्या," ती म्हणाली, "खडू हाय का गं तुझ्याजवळ?"